सत्तावीस नंबरचा दिवा

४ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी दाजींनी दिली. रंगाच्या कंपनीची आहे आणि मागच्या वर्षीची, त्यामुळे छापलेले वार खोडून मी वर नवे लिहितो. दाजी म्हणाले, "मेहुणे, रोज चार ओळी खरडत जा. तुमचं अक्षर असंच राहिलं तर एक दिवस गिऱ्हाईक आपली पावती घेऊन औषधाच्या दुकानात जाईल." सातवीत शाळा सुटली तेव्हा अक्षर जिथे होतं तिथेच राहिलंय, हे खरं.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. दुकान त्यांचं, वरचा माळा त्यांचा, माळ्यावर झोपतो मी. धंदा सांगायला सोपा आहे. टेलिफोन कंपनी जुन्या तांब्याच्या लाइनी बंद करत सुटली आहे. पण लोकांना जुने फोन टाकवत नाहीत, आणि वकील, डॉक्टर, गोदामवाले यांचं फॅक्सशिवाय भागत नाही. मग आम्ही साबणाच्या वडीएवढा एक डबा बसवतो. त्याच्या एका बाजूला इंटरनेटची तार, दुसऱ्या बाजूला जुना फोन नाहीतर फॅक्स. मशीनला वाटतं आपण अजून जुन्याच लाइनवर आहोत. फसवणूकच आहे, पण कुणाचं नुकसान नाही.

असाच एक डबा आज माझ्या घरी चालू झाला. घर म्हणजे रात्रभर गाडी आणि वर अर्धा दिवस. तिथे आई आणि बायको. मोबाईलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, तीही तिच्या मर्जीने. गिऱ्हाइकाने परत केलेला डबा दाजींनी मला दिला, मी तो पार्सलने पाठवला, केबलवाल्याने घरात इंटरनेट आणून दिलं, आणि बाबांच्या वेळचा जड फोन बायकोने स्वतः त्याला जोडला. आता आमचं घर म्हणजे दुकानाचा सत्तावीस नंबर. इथे दोन आकडे दाबले की तिथे घंटी.

"अहो, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

"मग ये की इकडे."

"खोली घ्या, येते."

ताईच्या टेबलावर मोठा फोन आहे. तक्रारींचे फोन तीच घेते. त्यावर प्रत्येक नंबरासमोर बारीक दिवा आहे. ज्या नंबरावर कोणी बोलत असेल तो दिवा लाल. मी बोलून खाली आलो तर ताई हसत होती. म्हणाली, "लाजू नकोस. मला फक्त दिवा दिसतो, ऐकू काही येत नाही."

९ फेब्रुवारी, शनिवार

नवीन माणूस आला. माझ्याच वयाचा. कसलासा कोर्स केलाय. दाजींनी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात लॅपटॉप दिला. मी इथे कधीपासून आहे, मला अजून ड्रिल मशीनची पेटीसुद्धा सही करून घ्यावी लागते.

डब्याच्या आतली सेटिंगं तो करणार. म्हणजे भिंत मी फोडायची, तार मी ओढायची, माळ्यावरच्या जळमटांत डोकं मी घालायचं, आणि मग हा खुर्चीवर बसून बोटं आपटणार. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून म्हणतं, वा, चालू झालं.

ताईने त्याला चहा माझ्या कपात दिला. कपाचं काय एवढं. मनात मी त्याचं नाव लाडोबा ठेवलंय.

तो मला दादा म्हणतो. आधीपासून लाडीगोडी.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गंमत झाली, पण मला ती गंमत वाटली नाही. ताई दाढ काढायला गेली होती. लाडोबा मोठ्या फोनशी काहीतरी खटपट करत होता, त्यात एका गोदामवाल्याचा फोन चुकून सत्तावीसवर गेला. बायकोने उचलला. गोदामवाला तावातावाने बोलत होता की फॅक्स जात नाही, माल अडकलाय. दुसरी कोणी असती तर राँग नंबर म्हणून ठेवला असता. हिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, नंबर घेतला, मशीनवर काय अक्षरं दिसतात ते विचारून घेतलं, आणि दाजींना कळवलं. गोदामवाला नंतर दाजींना म्हणाला, त्या बाईंना सांगा मी चिडलो होतो, माफ करा.

जेवताना दाजी म्हणाले, "मेहुणे, तुमच्या मंडळींना तक्रारींच्या फोनवर बसवायला पाहिजे. आवाज काय शांत आहे. आमच्या हिच्याशी बोलून गिऱ्हाईक अजून चिडतं."

ताईचा गाल सुजला होता म्हणून ती वाचली, नाहीतर दाजींची खैर नव्हती.

मी म्हणालो, "माझी बायको दिवसभर परक्या माणसांशी बोलत बसणार नाही."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जरा जोरात निघालं. मग सगळे ताटात बघून जेवले. लाडोबा तर असा मान खाली घालून बसला, जसं काही मी त्यालाच बोललो.

१८ फेब्रुवारी

दुपारी दुकानात तारेचं भेंडोळं न्यायला आलो तर सत्तावीसचा दिवा लाल. मी तर इथे उभा. मग कोण बोलतंय तिच्याशी?

सत्तावीस लावला. एंगेज.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "आई बोलत होत्या मावशींशी."

मग आईला द्यायला सांगितलं. आई म्हणाली, "मी? मला तर तो फोन वाजला तरी धडकी भरते. मी नाही बाई हात लावत." मागून बायको काहीतरी पुटपुटली आणि आई घाईघाईने म्हणाली, "हां हां, बोलले की. मावशीशी. विसरलेच."

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. लग्न ठरवतानासुद्धा मुलीकडच्यांना तिने माझं शिक्षण खरं सांगून टाकलं होतं. बायको बारावी झालेली आहे, तरी हो म्हणाली. का म्हणाली ते मी कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची खात्री नव्हती.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्या हातून डबा जळला.

वकिलांचं ऑफिस. खोल्या बऱ्याच, प्रत्येक खोलीत जुना फोन, सगळे एकाच जुन्या वायरिंगवर. अशा ठिकाणी डब्याची तार भिंतीतल्या वायरिंगला जोडली की सगळे फोन एकदम चालतात. पण त्याआधी बाहेरच्या पेटीत जाऊन कंपनीची जुनी लाइन सोडवायची असते. ती लाइन वापरात नसली तरी मेलेली नसते. तिच्यात वीज असते, आणि घंटीच्या वेळी तर चांगलीच असते. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

आणि तरी विसरलो. कारण तिथे पोचायच्या आधी मी दुकानात डोकावलो होतो आणि दिवा लाल होता. डोक्यात तोच लाल ठिपका घेऊन मी तार जोडली. थोड्या वेळाने जुन्या लाइनवर कुणाचा तरी फोन आला, सगळीकडे घंटी वाजली, आणि डब्यातून जळका वास.

वकीलसाहेब म्हणाले, "हे इंटरनेटचं असंच असतं का?"

माझ्या मागाहून आलेला लाडोबा मधेच म्हणाला, "नाही साहेब, सेटिंग माझं चुकलं. दुसरा डबा लावतो."

म्हणजे बघा. चूक माझी आणि मोठेपणा त्याचा. आता दाजींच्या पुढे मी त्याच्या उपकाराखाली. हिशेबी माणूस आहे.

२२ फेब्रुवारी

बायकोला मी जळक्या डब्याचं काही बोललो नव्हतो. आज ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "अहो, जुन्या वायरिंगला जोडायच्या आधी बाहेरची लाइन सोडवायची असते ना?"

म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. असंच. वाचलं कुठेतरी."

कुठे वाचलं? आमच्या घरात वाचायला गॅसची पुस्तिका आणि दाराची पाटी. हे एकाच माणसाने सांगितलं असणार. दोघं मिळून मला हसले असतील. तो म्हणाला असेल, वहिनी, तुमचे हे म्हणजे कमालच आहेत. आणि ती हसली असेल. ती हसताना आधी श्वास आत घेते, मग हसते. तो श्वास त्याने ऐकला असेल.

मी फोन ठेवून दिला. नंतर सांगितलं लाइन कट झाली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आता पक्कं कळलं. जेवण झालं की लाडोबा मागच्या गोदामात जातो आणि दार लोटून घेतो. गोदामात चौदा नंबरचा फोन आहे. चौदाचा दिवा लाल होतो. मग सत्तावीसचा दिवा लाल होतो. दोन्ही दिवे बराच वेळ तसेच, आणि विझतात तेही बरोबरच.

पूर्वी बरं होतं. बोलणं तारेत असायचं. दोन चिमटे लावले की जगातलं कुठलंही गुपित कानात. आता इंटरनेटवर आवाजाचे तुकडे होतात म्हणे, आणि कुठल्या कुठे जाऊन पुन्हा जुळतात. चिमटा लावायचा कुठे?

मी जळतोय असं नाही. मला फक्त माहीत असायला हवं.

आज नवा कंगवा घेतला. लाडोबा भांग उजवीकडे पाडतो. मी पाडून बघितला तर आरशात मोठ्या काकांसारखा दिसलो. पुन्हा होता तसा केला.

२८ फेब्रुवारी

ताईलाच विचारलं, दुपारी सत्तावीसवर कोण असतं?

ताई पावत्या लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुला काय करायचंय दिवे राखून? कामं नाहीत का?"

"माझ्या घरचा नंबर आहे तो."

"हो ना? मग घरी विचार." मग थांबून म्हणाली, "तू तिला कधी विचारलंस का रे, दिवसभर काय करतेस?"

मी म्हणालो, रोज विचारतो. जेवलीस का, आईची गोळी दिलीस का, मागचं दार लावलंस का.

ताई म्हणाली, "अगदी पोलिसासारखं विचारतोस." आणि पुन्हा पावत्या लावायला लागली. माझीच बहीण, पण त्यांच्याच बाजूची.

२ मार्च, शनिवार



काल रात्री पडल्या पडल्या सुचलं. इंटरनेटवर चिमटा लागत नाही हे खरं. पण गोदामातला चौदा नंबरचा फोन जुनाच आहे. तोही डब्यावरच चालतो, आणि डबा आहे दुकानाच्या पुढच्या कपाटात. डब्यापासून गोदामापर्यंत साधी दोन तारांची जोडी गेली आहे. ती मीच ओढली आहे. तेवढ्या तुकड्यात आवाज अजून जुन्या पद्धतीनेच चालतो.

दाजी बाहेर होते. ताई घरी जेवायला गेली होती. लाडोबा गोदामात शिरला, दिवे लागले, आणि मी कपाट उघडून माझा तारा तपासायचा चिमट्यांचा फोन त्या जोडीला लावला.

आधी लाडोबाचा आवाज आला. पण कसा, म्हाताऱ्याचा. घोगरा, खोकत खोकत. "बाई, माझा फॅक्स अर्ध्यात थांबतोय. तुम्ही लोकांनी बुडवलं मला."

आणि मग ती. "काका, आधी खुर्चीवर बसा बघू. पान मशीनमधेच अडकतं, की मशीन पान घेतं आणि समोरच्याकडे अर्धंच पोचतं?"

"मला काय माहीत? मी काय इंजिनिअर आहे?"

"म्हणून तर मी आहे ना. मशीनचा वेग कमी करून बघू. कसा करायचा ते मी सांगते, तुम्ही फक्त बटणं दाबा."

मग लाडोबा आपल्या आवाजात म्हणाला, "वहिनी, आता शिव्या देणारं गिऱ्हाईक करू का?" आणि तिने तो श्वास आत घेतला आणि हसली. "करा. पण कालच्यासारखं स्वतःच हसायचं नाही."

तो गिऱ्हाईक होत होता आणि ती त्याची तक्रार सोडवत होती. शाळेतल्या पाठांतरासारखं. हे चाललं होतं तर.

मला वाटलं होतं की मला सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. माझ्याशी ती जी बोलते तो आवाज मला ठाऊक आहे. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. ठाम होता. घाई नव्हती. आपल्याला सगळं येतं असं वाटणाऱ्या माणसाचा आवाज. लग्नाला वर्ष होऊन गेलं आणि तिचा हा आवाज लाडोबाला मिळाला, गोदामवाल्याला मिळाला, मला नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. तुमचा आवाज एकदम बसला."

लाडोबा म्हणाला, "माझा? मी तर तसाच बोलतोय."

"नाही. मघाशी टक् झालं आणि मग आवाज बारीक झाला. तुमच्या बाजूच्या तारेवर कोणीतरी दुसरा फोन उचललाय."

एका जोडीवर दोन फोन उचलले की आवाज वाटला जातो. हे मला शिकायला दोन पावसाळे लागले होते. ती तिकडे पलंगावर बसून ओळखते.

मी बोलण्याचं बटण दाबलं आणि म्हणालो, "मीच आहे."

मग चौथा आवाज आला, आईचा, लांबून, "कोण गं?"

३ मार्च, रविवार

सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींना, ताईला, आईला. ताईला तक्रारींच्या टेबलावरून उठून हिशेबाचं काम बघायचंय, तिच्या जागी बायकोला बसवायचं, घरूनच, सत्तावीसवरून. हे त्या दाढेच्या दिवसापासून चाललंय. "तू तेव्हा असा फाडकन बोललास," ताई म्हणाली, "म्हटलं आधी तिला येतंय का बघू, मग तुला सांगू." लाडोबा तर माझ्यासमोर यायलाच तयार नाही. तारेच्या भेंडोळ्यामागूनच म्हणाला, "दादा, आता वहिनीच मला सांगतात, गिऱ्हाईक असं बोलत नाही म्हणून."

मी आईला फोन लावून सांगितलं, "त्या डब्याची पिन काढून टाक."

आई म्हणाली, "मी नाही काढायची."

"आई, मी सांगतोय."

"ऐकलं. नाही काढायची. बाबा गेले, तू गेलास, या घरात दिवस दिवस आवाज नव्हता. आता ती बोलते तेव्हा मला वाटतं चार माणसं येऊन बसलीत. मी भाजी निवडायलाही तिथेच बसते."

मग बायकोने फोन घेतला. मला वाटलं रडेल. मी तयारी करून ठेवली होती, तिने रडायला सुरुवात केली की काय बोलायचं त्याची. ती रडलीच नाही.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी सोडते," ती म्हणाली. "पण असं नाही. रागात नाही आणि आईंना सांगून नाही. शांतपणे, मला, 'तू हे काम करू नकोस' एवढंच म्हणा. मी स्वतः पिन काढते आणि पुन्हा विषय काढत नाही."

"आणि खोली? इकडे यायचं?"

"ते आहेच. पण तिथे आले तरी मी हेच करणार असेन, की खिडकीतून तुमची वाट बघणार असेन, हे आधी ठरू दे."

मी म्हणालो सांगतो. फोन ठेवला.

४ मार्च

माळ्यावर बसून म्हणून बघितलं. तू हे काम करू नकोस. पहिल्यांदा वरच्या पट्टीत गेलं. मग शांत म्हटलं तर भीक मागितल्यासारखं आलं. खालून दाजी ओरडले, "मेहुणे, कुणाशी बोलताय?" म्हटलं, रेडिओ.

७ मार्च, गुरुवार

अबोला चालू आहे. मी लावत नाही, ती लावत नाही. पण दिवा लागतो. आता कामाच्या पूर्ण वेळात लागतो, कारण ताईने फोन तिकडे वळवायला सुरुवात केली आहे, आणि एक चालू असताना दुसरा आला तरी एंगेज लागू नये अशी सोयही केली आहे. "तू नाही म्हणालास की परत घेईन," ताई म्हणाली.

औषध दुकानदाराकडे गेलो होतो. त्याचा फोन वाजत नव्हता. काम झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडच्या नव्या बाई फार नीट समजावतात हो. आमच्या म्हातारीने फोन उचलला तर तिच्याशीही बोलल्या. म्हातारी आता मुद्दाम फोन बिघडवते की काय असं वाटतं."

मी विचारलं, काय बोलल्या म्हातारीशी?

"मला काय माहीत. हसत होत्या दोघी."

मी स्क्रू जरा जास्त आवळला. प्लास्टिक तडकलं. नवीन झाकण माझ्या खिशातून.

एका म्हातारीवर कोणी जळतं का? मी जळत नाही. पण काय बोलल्या ते सांगायला काय हरकत होती.

८ मार्च

दाजी गाडीत म्हणाले, "हे बघा मेहुणे, मी मधे पडत नाही." आणि मग पूर्ण रस्ताभर मधे पडले. म्हणाले, तुमची ताई टेबलावर बसायला लागली तेव्हा माझंही पोट दुखलं होतं, गिऱ्हाईक तिलाच नमस्कार करायचं, मला हमाल समजायचं. मी विचारलं, मग थांबलं कधी दुखायचं? ते म्हणाले, "कुठे थांबलंय?" आणि हॉर्न वाजवला.

११ मार्च, सोमवार

आज सगळं लिहायचं आहे, विसरायच्या आत.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एकट्याने गेलो. दाजी दुसऱ्या गावाला, लाडोबा वकिलांकडे. डब्याला दोन भोकं. एकात फोन, दुसऱ्यात फॅक्स. तारा जोडल्या, दोन्ही चालू झाले. मग डॉक्टरीणबाईंनी एका पेशंटचे कागद मोठ्या हॉस्पिटलला फॅक्स करायला घेतले. पहिलं पान गेलं. दुसरं अर्ध्यात तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं, पण वेगळ्याच जागी. तिसऱ्यांदा पूर्ण गेलं. चौथ्यांदा तुटलं. पेशंट बाकावर पडलेला, त्याची मुलगी उभी. तिकडे कागद पोचल्याशिवाय खाट मिळणार नव्हती. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

तारा मी पुन्हा तपासल्या. त्या बरोबर होत्या. म्हणजे दोष सेटिंगमध्ये, आणि सेटिंगचं पान सगळं इंग्रजी. लाडोबाचा मोबाईल बंद. राहिला तक्रारींचा नंबर.

कंपाउंडर म्हणाला, "अहो, तुमच्याच दुकानाला तुम्ही तक्रार करणार?"

मी लावला. दुसऱ्या घंटीला उचलला.

"नमस्कार. बोला साहेब, काय अडचण आहे?"

माझा नंबर नव्हता तो, दवाखान्याचा होता. मी आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं. पण मी "फॅक्स" म्हणालो आणि पलीकडे श्वास थांबला. मग ती त्याच आवाजात म्हणाली, "पान कुठे तुटतं साहेब? दर वेळी एकाच जागी?"

"नाही. कधीकधी तुटतच नाही."

"पान जात असताना त्या नंबरावर बाहेरून दुसऱ्या कुणाचा फोन येतो का?"

मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "येणारच. सकाळपासून पेशंट दोन्ही नंबर लावतात. कुठलाही लागला की झालं."

"मग तेच आहे," ती म्हणाली. "दुसरा फोन आला की डबा लाइनवर एक बारीक टोला देतो, कोणीतरी वाट बघतंय म्हणून. माणूस असेल तर त्याला कळतं. मशीनला कळत नाही, ते बोलणंच सोडून देतं. फॅक्सच्या भोकावरचा तो टोला बंद करू. समोर कॉम्प्युटर आहे?"

होता. पान उघडलं. इंग्रजी अक्षरांची नुसती गर्दी. डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यामागे, कंपाउंडर बाजूला. आता हे सगळे बघणार की याला वाचता येत नाही.

ती म्हणाली, "वरच्या पट्टीत अगदी उजवीकडचं दाबा साहेब. आता खाली जा. खाली. जिथे पांढऱ्या पट्टीखाली दोन गोल शेजारी शेजारी आहेत आणि डावा भरलेला आहे, तिथे थांबा. उजवा गोल भरा. आता सगळ्यात खालचं निळं बटण."

एक इंग्रजी शब्द तिने उच्चारला नाही. मी एकदाही "काय लिहिलंय" म्हणालो नाही. बघणाऱ्याला वाटलं असेल, याला पान तोंडपाठ आहे. असं ती सगळ्यांनाच सांगते की काय? त्या गोदामवाल्यालासुद्धा? असेल. मला विचारायचं होतं.

सगळी पानं एकापाठोपाठ गेली. मधे कुणाचा तरी फोन आला असेल, मशीनने ऐकलंच नाही. डॉक्टरीणबाईंना पलीकडून पोचल्याचा निरोप आला, पेशंटच्या मुलीने त्याला उठवलं, दोघं गाडीकडे गेली.

"झालं साहेब?"

"झालं."

"आणखी काही अडचण?"

ती थांबली. मी थांबलो. आवाज माझा शांत होता, इतका शांत तो आठवडाभरात नव्हता. समोर तीच होती. मधे आई नव्हती, राग नव्हता. तिने सांगितलं होतं तसं सगळं जुळून आलं होतं. पाच शब्द होते. तिकडेही तिला ठाऊक होतं की आता ते पाच शब्द येऊ शकतात. फोनची दोरी बोटाला गुंडाळल्याचा आवाज मला इथे ऐकू येत होता.

मी म्हणालो, "आहे. आतल्या खोलीतला फोन वाजत नाही."

आतल्या खोलीतला फोन मघाशीच वाजला होता. कंपाउंडरने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे पाठ केली.

मग तिने श्वास आत घेतला. "असं होय," ती म्हणाली. "मग त्याला वेळ लागेल. सगळं पहिल्यापासून बघावं लागेल. आहे वेळ?"

"आहे."

"घंटी अजिबातच वाजत नाही, की वाजते आणि तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात तिच्या लाइनवर टोला पडला. कोणीतरी वाट बघत होतं. कोण होतं कुणास ठाऊक. गोदामवाला, वकील, ती म्हातारी. माझ्या पोटात तीच जुनी कळ आली, तशीच, तसूभर कमी नाही.

"थांबा हं, अहो," ती म्हणाली. "दुसरं कोणीतरी आहे. ठेवू नका."

आणि गेली. फोनमध्ये बारीक आवाजात कसलीशी धून वाजायला लागली.

कंपाउंडर चहाचा ग्लास घेऊन आला. मी कानाला फोन लावून उभाच होतो. तो म्हणाला, "काय, लागत नाही का?"

"लागलाय," मी म्हणालो. "थांबायला सांगितलंय."